जालिंदरची सीट

आजवर कुणालाच सांगितलं न्हाई, बायकोलाबी न्हाई, ते सांगतो. त्या रेसच्या गाडीची सीट मी जालिंदरच्या मापाची केलीच न्हवती, माझ्या मापाची केली व्हती.

आमी दोघं कोरेगावचे, एकाच आळीतले. साताऱ्याला एमआयडीसीतल्या एका शेडात कामाला, तो फिटर, मी वेल्डर. गाडी त्याच्या डोक्यातली, हात माझे. काय सांगू तुम्हाला, एकच माणूस बसंल अशी गाडी, चाकं उघडी, जुन्या टॅक्सीचं इंजिन सीटच्या मागं, पाइपची सगळी चौकट मी जोडलेली. फायबरच्या नाकाडाचा साचा गणपती करणाऱ्याकडनं काढून घेतला, तर तो म्हणला, सोंड कुठं लावायची रं गड्या. लय हसलो.

मग शेडचे मालक म्हणले, चालवणार जालिंदर, तो बारीक हाय. पेपरात फोटो आला, त्यात जालिंदर आत बसलेला आन् मी कडंला, निम्मा कापलेला. माझी आईसुद्धा म्हणली, जालिंदर कसा राजावानी दिसतोय. पोटात जळायचं वो, जेवण जायचं न्हाई.

अशा गाडीची सीट ड्रायवरला ओल्या प्लास्टरात बसवून करत्यात. त्याला बसवला, साचा घेतला, आन् तो घरी गेल्यावर फोडला, आन् मीच बसलो. म्हणलं चालव तू, पण बसशील माझ्या जागंत. मी कमरंला रुंद. तो म्हणला, सीट ढिली लागतीया रं. मी म्हणलं, सरावानं बसंल.

मद्रासकडं विमानाच्या जुन्या धावपट्टीवर रेस व्हती. तो म्होरं व्हता. शेवटच्या वळणावर सीटमधी घसरला, ब्रेकवरचा पाय सुटला, गाडी टायरांच्या ढिगात. बरगड्या मोडल्या. दवाखान्यात माझा हात धरून म्हणला, गाडी झ्याक केलीवतीस, मीच कमी पडलो. परत कवा रेसला उतरला न्हाई.

आता पुण्याच्या एका सायबांनी ती गाडी घेतली, जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात फिरवायला. दुरुस्ती माझ्याकडंच. गेल्या महिन्यात त्यांनी जालिंदरला मेळाव्याला बोलावलं. आता पोट सुटलंय त्याचं, आन् मी साखरंच्या आजारानं वाळलोय. तो बसला तर सीट अंगाला चपखल. हसला, म्हणला, बघ रं, तुझी सीट बरोबरच व्हती, मीच तवा काडी व्हतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आन् खोटं कशाला बोलू, तवाबी पोटात जळलंच.

देव त्याला सुखात ठेवो. तू चुकला न्हवतास, मी चुकवला तुला, एवढं त्याच्या तोंडावर सांगायचं मी अजून देणं लागतो.