आगीला न भ्यालेली कळ

सालका : "आगीला कळ भिते," माझी आजी म्हणायची. उंटाचं पिल्लू डागताना, ओवी म्हटल्यागत. लहानपणी ऐकलेलं ते कानात राहिलं. म्हणून माझ्या लेकीला, मुनिनाला डाग दिला.

लेहबीब : एक नाही, सालका खाला. बेंबीभोवती तीन आहेत.

सालका : दोन वर्षं रोज पोट धरून बसते पोर. शेजारणींनी हातपाय धरले, मी डोळे मिटून घेतले. डॉक्टर झालास म्हणून मला दटावू नकोस. तुला नागडा पळताना पाहिलाय मी या छावणीत.

लेहबीब : दटावत नाही. आधी मलाही वाटलं, शाळा चुकवायला दुखत असेल. पुष्कळ पोरांचं तसंच असतं, आत काही नसतं. पण तुम्ही म्हणालात, दोन वर्षांपूर्वीचा झगा अजून बसतो तिला. तेव्हा रक्त तपासायला पाठवलं.

सालका : काय निघालं? सांग सरळ.

लेहबीब : रोटी.

सालका : म्हणजे?

लेहबीब : गहू सोसत नाही तिच्या आतड्याला. घासागणिक आतून सोलवटतं ते. मग खाल्लेलं अंगी कसं लागणार?

सालका : अरे, पोट दुखलं की मी तीच देते तिला. वाळूत भाजलेली, दुधात कुस्करून. नको म्हणाली तर मांडीवर घेऊन भरवते.

लेहबीब : तुम्हाला कसं कळणार, खाला? मदतीच्या ट्रकमधून गव्हाचं पीठच येतं आपल्याला.

सालका : माझ्या हातानं...

लेहबीब : आता ऐका. गहू बंद, जवाची पेजही बंद. जन्मभर. भात, डाळ, खजूर, बकरीचं मटण, उंटिणीचं दूध चालेल. पोर वाढेल. आणि परत डाग नाही.

सालका : नाही.

लेहबीब : एक राहिलं. हे बहुधा आईबापांकडून येतं. परवा विचारलं, घरात आणखी कुणाला दुखतं का. तुम्ही नाही म्हणालात.

(सालका उठून दाराकडे वळते.)

लेहबीब : खाला?

सालका : मला दुखतं. मुनिनाएवढी होते तेव्हापासून, रोज. आईला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही.

लेहबीब : का पण?

सालका : डाग देतील म्हणून.