सदर कोंबडा माझ्या न्हाणीघरात आहे

मी, गल्लीत 'शुद्धलेखनवाली' म्हणून ओळखली जाणारी, वय ४४ वर्षे, धंदा छापखान्याची मुद्रिते घरी आणून तपासणे, राहणार पिठाच्या गिरणीमागचे दुसरे घर, सोबत नवरा व सहा कोंबड्या. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

माझ्या शेजारच्या काकूंनी काल संध्याकाळी त्यांचा कोंबडा चोरीस गेल्याची तक्रार या ठाण्यात दिली आहे. तो कोंबडा मी नेला. 'चोरला' असे लिहू का, असे ठाणे अंमलदारांनी विचारले. मी सांगितले की, मालकिणीला न विचारता, ती घरात नसताना, खोक्यात घालून नेला. याला दुसरा शब्द मला सुचत नाही. त्यावर ते म्हणाले, "बाई, सराईत चोरसुद्धा इतकं कबूल करत नाहीत. 'नेला' लिहितो." काकू त्या कोंबड्याला 'साहेब' म्हणतात. जबाबात घोटाळा नको म्हणून यापुढे 'सदर कोंबडा' लिहावे असे ठरले.

आमच्या दोन्ही अंगणांच्या मध्ये कमरेइतकी भिंत आहे. सदर कोंबडा रोज ती ओलांडून माझ्याकडे येतो. सोमवारी तो भिंतीवर बसून शिंकला. एखादी शिंक धुळीनेही येते, म्हणून मी फक्त लक्ष ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याच्या नाकपुडीला चिकट पाणी होते, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात फेस होता आणि बांग अर्ध्यात फाटली. तिन्हीसांजेला कोंबड्या दांडीवर बसल्या की अंगण शांत होते. तेव्हा खुराड्याला कान लावला तर त्यांचा श्वास ऐकू येतो. मी काकूंच्या खुराड्याला कान लावला; त्यात सदर कोंबडा व त्यांच्या कोंबड्या असतात. आतून घरघर ऐकू आली. मागून काकूंचा आवाज आला.

"काय गं, कान लावून काय ऐकतेस? माझी निंदा करतायत का?"

"काकू, साहेबांच्या छातीत घरघर आहे. डॉक्टरांना बोलवू या."

"कोंबड्याला डॉक्टर? माझ्या गुडघ्याला अजून मिळाला नाही. मुलगा पुढच्या महिन्यात नेतो म्हणतोय, दर महिन्याला."

थंडी लागू नये म्हणून काकूंनी खुराडे चारी बाजूंनी प्लास्टिकने गुंडाळले होते. खाली भुसा ओला होता. मी डोके आत घातले तर उग्र वासाने माझ्याच डोळ्यांना पाणी आले. वरून वारा जायला जागा ठेवा, भुसा कोरडा घाला, याला वेगळा ठेवा, असे मी सांगितले. काकू म्हणाल्या, "तू तुझे स्वल्पविराम सांभाळ."

गुरुवारी मला कळले की, शुक्रवारी संध्याकाळी काकूंची धाकटी जाऊ सदर कोंबडा न्यायला येणार आहे. जाऊबाईंकडे चाळीसेक कोंबड्या असून अंड्यांवर त्यांचे घर चालते. दोघी नऊ वर्षे एकमेकींशी बोलत नव्हत्या. जाऊबाईंचा स्वतःचा कोंबडा मेला म्हणून त्यांनी आपणहून फोन केला होता. काकू म्हणाल्या, "नऊ वर्षांनी तिनं काही मागितलंय माझ्याकडं." ते ऐकल्यावर मी घरघरीचा विषय पुन्हा काढला नाही. काढायला हवा होता.

शुक्रवारी दुपारी सदर कोंबडा मान ताणून, चोच उघडी टाकून श्वास घेत होता. काकू बाजारात गेल्या होत्या. मी त्याला नेले व माझ्या न्हाणीघरात ठेवले. चिठ्ठी का ठेवली नाही, असे विचारता सांगते की, चिठ्ठी वाचून काकूंनी त्याला परत नेले असते, आणि हे मला तेव्हाही माहीत होते.

पशुवैद्य घरी आले. सर्दी संसर्गाची आहे, कोणत्या जंतूची ते नमुना तपासल्यावर कळेल, असे ते म्हणाले. औषध त्यांनी सांगितलेल्या मापानेच द्यायचे, घरातले उरलेले अंदाजाने नाही. दाणापाणी आधी धडधाकट कोंबड्यांना, शेवटी याला. त्याचे भांडे आणि माझ्या चपला वेगळ्या. पाचसहा एकदम मेल्या तर हात न लावता त्यांना फोन करायचा. बरा झाला तरी तो आजार अंगात बाळगू शकतो, म्हणून त्याला दुसऱ्या कोंबड्यांत कधीच पाठवायचे नाही.

काकूंना हे कसे सांगावे, याचे वाक्य मी न्हाणीघरात उभी राहून जुळवत होते. तेवढ्यात भिंतीपलीकडून जाऊबाईंचा आवाज आला, "द्यायचा नव्हता तर तसं सांगायचं, ताई. नाटकं कशाला?" मी फाटकापाशी पोहोचेपर्यंत रिक्षा वळली होती. काकू तशाच ठाण्याकडे निघाल्या. मी हाक मारली, त्यांनी मागे पाहिले नाही.

सदर कोंबडा मुद्देमाल म्हणून हजर करण्यास सांगण्यात आले. मी हरकत घेतली, कारण ठाण्याच्या मागे चार कोंबड्या चरताना मी येताना पाहिल्या. त्या त्याच्या स्वतःच्या आहेत, असे दारातल्या शिपायाने सांगितले व तो पुढे म्हणाला, "साहेब, पंचनामा बाईंच्या घरीच करू. मी रस्त्यावरून बघतो."

बाकावर बसलेल्या काकूंना, तक्रार मागे घेता का, असे विचारण्यात आले.

"मुळीच नाही. मला शिक्क्याचा कागद पाहिजे. नाहीतर जाऊ विश्वास ठेवायची नाही."

"अहो, चोर तुमच्या शेजारी बसलाय."

"बसू दे. मी कोंबडा देणारच होते, एवढं हिच्याकडून लिहून घ्या."

दुसऱ्याच्या मनात काय होते ते मी सांगू शकत नाही, असे मी म्हटले. काकू म्हणाल्या, "बघा! अशी आहे ही."

मात्र जे स्वतः पाहिले ते सांगते. गुरुवारी दुपारी काकूंनी सदर कोंबड्याला मांडीवर घेऊन त्याचे पाय ओल्या फडक्याने पुसले. मुलाने पाठवलेला नवा टॉवेल, जो त्या स्वतः वापरत नाहीत, तो त्यांनी टोपलीत अंथरला. नंतर त्याला म्हणाल्या, "तिकडं नीट वाग. शिंकूबिंकू नकोस. मी तिची थोरली जाऊ आहे." हे मी भिंतीपलीकडून पाहिले व ऐकले असून कोणापुढेही सांगायला तयार आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. याची शिक्क्यासह एक नक्कल काकूंना मिळावी. याच्या वरचा, टॉवेलाचा परिच्छेद काकूंच्या सांगण्यावरून दोनदा वाचण्यात आला. दोन्ही वेळा तो बरोबर आहे.