बालवाडीतल्या 'म'ची दांडी

माझ्या पीएच.डी.चा कुणाला कधी उपयोग झाला का, याची मला अजून शंका आहे. पण माझ्या उंचीचा एकदा नक्की झाला. सत्तरच्या दशकातली, वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेची गोष्ट.

माझी चिमुरडी सुधा बालवाडीत माझं बोट सोडतच नव्हती. ती रमली नसती तर बायकोला नुकतीच लागलेली नोकरी सोडावी लागली असती.

त्या दिवशी बालवाडीच्या विमलबाईंनी अंगणात चुन्याने भला मोठा 'म' काढला आणि मुलांना रेघांवर बसवलं. पण कापूस वेचायला जाताना आयांनी बरीच पोरं सोबत नेली होती. 'म'ची उभी दांडी रिकामीच राहिली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"सर, तुमी लंबे हा. झोपा इथं."

"मी? अहो, कुणी पाहिलं तर?"

"पाह्यलं तर त्यालेबी 'म' येईन."

मी आडवा झालो. तेवढ्यात कुंपणापलीकडून माझ्या कॉलेजातला एक विद्यार्थी सायकलवरून ओरडला, "नमस्कार सर!" मी झोपल्या झोपल्याच मोकळा हात कपाळाला लावला; दुसऱ्या हाताचं बोट सुधाच्या मुठीत होतं.

"बाबा, हलू नको ना! दांडी वाकडी होते!" सुधा खदखदून हसली. तिने माझं बोट सोडलं आणि ती पळत जाऊन पोरांमध्ये बसली.

मी कपडे झटकून फाटकाबाहेर आलो, पण पाय निघेना. बाई मागोमाग आल्या. त्यांचे आभार मानायचे होते, पण मी खिशात रुमालच शोधू लागलो.

"सर, जा ना आता."

"ती रडली तर?"

"सुधा कायले रडते? रडून तर तुमीच राह्यले!"