हणमंतरावांची खिडकी

मंडळी, एक सांगा! दर्शन कशानं घडतं? मोक्याच्या जागेनं, की आणखी कशानं? — जागेनं म्हणता? बरं! मग ऐका.

कऱ्हाडजवळच्या एका गावात हणमंतराव शेवाळे नावाचे गुऱ्हाळवाले होते. छाती अशी रुंद, मिशी अशी की लिंबू ठेवा! त्यांची लेक सुमन दिलेली फौजेतल्या जवानाला, तिकडं पार सिलिगुडीला. तिनं आईबापाला बोलावलं. दिल्लीपासून पुढं विमान!

झालं! हणमंतरावांनी चार माणसांना विचारलं, दहा माणसांना सांगितलं. "जाताना डावीकडंच बसायचं! डावीकडं हिमालय! आणि पंखावरची खिडकी घ्यायची न्हाई — पंखाचा पत्रा बघाय चाललोय व्हय?"

दिल्लीला विमानतळावर काउंटरवरच्या पोरीशी भांडून जागा मिळवली. डावी बाजू, पंखाच्या मागं, खिडकी! मधे बायको अनसूयाबाई. कडेला एक चष्मेवाले गृहस्थ.

विमान धावलं... उचललं... हणमंतरावांनी खाली बघितलं — घरं काड्यापेटीएवढी! डोळे गच्च मिटले, आणि विमान वर स्थिरावताच — खाडकन खिडकीची झडप खाली!

अहो, लग्नात पहिली पंगत धरायची आणि ताट पालथं घालून बसायचं! याला काय म्हणावं?

तेवढ्यात वैमानिक बोलला, "डावीकडे हिमालय दिसतोय." उजवीकडची माणसं माना लांब करायला लागली. एक आजी म्हणाल्या, "भाऊ, उघडा की!"

"ऊन लागतंय मला!"

चष्मेवाले म्हणाले, "काका, ती बाजू उत्तरेची. उत्तरेकडनं ऊन?"

सगळे हसले! हणमंतराव घामाघूम. मिशी थरथरतेय, पण 'भ्यालोय' हा शब्द काही तोंडातनं निघेना! खुर्चीच्या दांडीवरचा अनसूयाबाईंचा हात मात्र त्यांनी असा दाबून धरलेला... बर्फासारखा गार पंजा! तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं. समजली!

आता बायको काय करते? चारचौघांत हसते? तुम्ही असता तर—? — राहू द्या.

ती मोठ्यानं म्हणाली, "आवो, माझा गुडघा लई ठणकतोय. मला खिडकीकडं बसू द्या की, टेकायला बरं."

हणमंतराव टुणकन मधल्या जागेत! एवढी चपळाई लग्नातसुद्धा दाखवली नव्हती.

तिनं झडप वर केली... आणि काचेला नाकच लावलं!

"काय दिसतंय गं?" — डोळे मिटूनच!

"काय सांगू! आभाळात दह्याच्या कवड्या लावल्यात कुणीतरी. एकीमागं एक... सरतच न्हाईत."

"आणि खाली?"

"खाली मी बघतच न्हाई. तुमीबी नका बघू. माझ्या खांद्यावरनं सरळ समोर बघा. मी हाय न्हवं?"

हणमंतरावांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. आणि मंडळी, त्या मिशीवरनं पाणी ओघळलं!

"अनसूये... एवढा मोठा हाय व्हय गं!"

ती सरकून खुर्चीच्या पाठीला टेकली. "ओ आजी," म्हणाली, "या, तुमीबी बघा!"

विमानतळावर सुमननं विचारलं, "आबा, दिसला का हिमालय?"

हणमंतरावांनी मिशीला हात लावला, आणि खाली घेतला. "तुझ्या आईनं दाखवला, बाळ. मी भ्यालो होतो."

मंडळी! हिमालयापेक्षा उंच वाक्य आहे हे!

आता आपलं बघा. घरात शेवटचा शब्द आपला, किल्ल्या आपल्या, आणि सगळ्या झडपा बंद! विचारलं की म्हणायचं, ऊन लागतंय! का हो? 'भीती वाटते' म्हटल्यानं मिशी गळते का?

बघा, बायका हसतायत, पुरुष टाळ तपासतायत! ठेवा ते टाळ खाली. आज घरी गेल्यावर आधी आपल्या जवळच्या माणसाला म्हणा, "मला जरा धरून ठेव." मग देवाला हाक मारा. तो कुठल्याही जागेवरनं दिसतो!

म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!