पूजाले शोधाले गेलो तेव्हा

भुताखेताचं काय सांगता बे, मी खरा भ्यालो तो लोणारले, भर दुपारी. जिल्ह्यातल्या दिव्यांग लेकरायची सहल होती अन् त्यायचा विशेष शिक्षक म्हणून मी सोबत होतो. पिंपळगाव राजाची पूजा पण आली होती. तिसरीतली पोरगी, जन्मापासून ऐकू येत नाही. निघताना तिची माय म्हणे, "सर, पहिल्यांदाच एकटीले गावाबाहेर धाडून राह्यली. नजरेआड होऊ देऊ नका."

सरोवराच्या वरच्या कड्यावर लेकरायनं डबे उघडले, अन् पाह्यतो तर पूजा नाही. खाली उतारावर दाट झाडी, तिच्या खाली पाणी. माह्या तोंडचं पाणीच पळालं. "पूजा! पूजा!" ओरडत मी झाडीत शिरलो. वरून सहलीले सोबत आलेल्या मॅडम रडकुंडीले येऊन ओरडल्या, "सर, आवाज काऊन देऊन राह्यले? तिले ऐकू येते काय?"

तरी माहं तोंड थांबेना. काट्यायनं हात फाटले. झुडपं बाजूले सारत पाण्यापर्यंत गेलो. तिथं कोणीच नव्हतं. आता तिच्या मायले काय सांगू, म्हणून मटकन खाली बसलो.

तेवढ्यात मागून कोणीतरी शर्ट ओढला. पाह्यतो तं पूजा! धापा टाकत उभी, चेहरा भेदरलेला. मी खुणेनं विचारलं, "कुठं होती वं?"

तिनं हात धुवाले गेल्याची खूण केली, मग माह्याकडं बोट करून पळून दाखवलं. अन् खुणेनंच विचारलं, "सर, कोण हरवलं? मी बी मघापासून तुमच्यामागं शोधूनच राह्यली!"