काकांची बरणी आणि हरवलेले चमचे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बेकरीचे मालक, प्रमुख पाहुण्या म्हणून आवर्जून आलेल्या अन्न तपासणी खात्याच्या बाई, सत्कारमूर्ती मावशी, आणि समोर बसलेले माझे सहकारी, शेजारीपाजारी व नेहमीची गिऱ्हाइकं, सर्वांना माझा नमस्कार.

मावशी आज बेकरीतून निवृत्त होत आहेत. त्या माझ्या सख्ख्या मावशी. घरी अगं-तुगं चालतं; इथे मात्र अहो-जाहो करायचं, असं मी कागदावर वरच लिहून आणलं आहे.

खरं म्हणजे आज भाषण नव्हतंच. मावशींनी बरणी उघडायची, पहिला घास मालकांना भरवायचा, टाळ्या आणि चहा, एवढंच ठरलं होतं. पण ऐन वेळी बेकरीतला एकही चमचा सापडेना. मालक म्हणाले, "मिळेपर्यंत कोणीतरी बोला." मी हात वर केला. शाळेत मी कधी हात वर केला नाही, म्हणून तर शाळा लवकर सुटली. आता आयत्या वेळी उठलो तर हातात लिहिलेला कागद कसा, असं कृपया कोणी विचारू नये.

तर, मावशींच्या पुढ्यातली ही बरणी. झाकणावर निळ्या ठिपक्यांचं कापडी टोपडं घातलेली. नव्या मंडळींसाठी सांगतो, आमचे काका, म्हणजे मावशींचे यजमान, इथे भट्टीवर होते. ते केक काचेच्या बरणीतच भाजायचे. बरणी भट्टीतून काढली की गरम असतानाच झाकण घट्ट लावायचं आणि सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. केक निवता निवता झाकण आत ओढलं जाई आणि 'टक्' असा आवाज येई. मग काका म्हणायचे, "झालं! आता हा केक आपल्या सगळ्यांना पोचवून येईल." कोणाचं लग्न असो की नवं घर, प्रत्येकाला एक बरणी, कपाटात ठेवायला.

ही काकांनी लावलेली शेवटची. मावशींच्या निवृत्तीच्या दिवशी दोघांनी मिळून उघडायची होती. काका राहिले नाहीत, बरणी राहिली. किती वर्षं झाली ते सांगत नाही. पहिला घास मालकांचा आहे, त्यांना उगाच धास्ती नको.

मागच्या तपासणीला बाई आल्या, तेव्हा मी त्यांना सहज विचारलं. सहज म्हणजे, त्या गाडीत बसल्या होत्या आणि मी गाडीचं दार धरून उभा होतो. बाई म्हणाल्या, या बरण्या भट्टीच्या कोरड्या आचेसाठी केलेल्याच नसतात, तडकतात. हे आम्हाला ठाऊक होतं. एकदा एक बरणी भट्टीतच फुटली, तेव्हा काका म्हणाले होते, "काही काचा मुळातच तापट असतात."

पण पुढचं ठाऊक नव्हतं. टक् झालं म्हणजे झाकण बसलं, जंतू मेले असं नव्हे. केक ओलसर, त्यात आंबटपणा नाही, आणि वरून हवा बंद. काही जंतूंना नेमकी अशीच जागा लागते. ते तिथे विष तयार करतात, आणि त्याला ना वास, ना रंग.

"मग चाखून बघायचं का?" मी विचारलं.

"बघा की," बाई म्हणाल्या, "पण कसं लागलं ते सांगायला राहाल का?"

मावशी सकाळपासून विचारताहेत, "इतकी वर्षं खाल्ला, कोणाला काही झालं का?" नाही झालं. पण त्याला नशीब म्हणतात, केकची कृती नाही म्हणत.

मी हे समजावलं, तर म्हणाल्या, "मेल्या, त्यांच्या हातचा शेवटचा केक आहे हा. काही होवो, मी खाणार. तू नको खाऊस."

"आणि मालक?"

"त्यांना घासभरच देणार आहे."

मालक, खुर्ची मागे सरकवू नका, मागे पायरी आहे.

मावशी, एकदा दुधाला जरासा वास आला, तर काकांनी लग्नाच्या ऑर्डरचा अख्खा केक फेकून दिला होता. ते आज इथे असते, तर हा घास त्यांनी तुला घेऊ दिला असता का?

काय म्हणालीस? "मग काय कचऱ्यात टाकू त्यांना?" काकांना नाही गं, केकला!

बाई सांगताहेत, बरणी न उघडता माझ्याकडे द्या, नीट विल्हेवाट लावते. मावशी?

थांबा, टाळ्या नकोत. तिने टोपडं धरलंय. काकांनी बांधलेली गाठ आहे ती... न सोडता वर सरकवतेय. निघालं! टोपडं पर्समध्ये, बरणी बाईंकडे.

आता वाजवा टाळ्या.

आता तुम्हा सगळ्यांच्या पुढ्यात ठेवलेल्या या बरण्यांना घाबरू नका. हात लावून बघा, गार आहेत. केक काकांच्याच प्रमाणाने केला, पण पत्र्याच्या साच्यात भाजला, पुरता निवल्यावर कापून बरण्यांत भरला आणि आत्तापर्यंत फ्रीजमध्ये होता. झाकण टक् म्हणणार नाही. आजच खा. उरला तर फ्रीजमध्ये ठेवा. कपाटात ठेवलात असं कानावर आलं, तर मी घरी येईन.

मालकांचे, बाईंचे आणि इतका वेळ चहावाचून बसलेल्या आपल्या सर्वांचे आभार. बोलताना अहोचं अगं कधी झालं ते कळलं नाही, तेही आणि बाकीचंही पोटात घाला.

मावशी, पहिला घास तू घे. आणि चमचे या पिशवीत आहेत. सगळेच. एकेक घेऊन पुढे द्या.