पुनमच्या नावाचा विळा

शिवकन्या : तुमी नीट बघितलाव का न्हाई तो व्हिडिओ? घण कोण मारून राहिलंय त्यात?

श्रीमंत : तूच की. च्या पी, निवून चालला.

शिवकन्या : मी कुठं दिसले? नुसता घण दिसतोय. वर जातोय, खाली येतोय. त्याच्यामागं मानूस हाय हे कुणाला कळतंय? पुनमचं तोंड निम्मं तरी दिसतंय पदराखालून. माझं मनगटसुदिक कापलं तुमच्या भावानं.

श्रीमंत : शिवशंकरनं काय मुद्दाम कापलं व्हय? बायकोचा व्हिडिओ काढला, बायको दिसली.

शिवकन्या : हाव. त्याला बायको दिसली.

श्रीमंत : आता हे माझ्यावर कशाला आणून राहिलीस?

शिवकन्या : न्हाई आणत. पर ती उदगीरला आपल्या घरात आली तवा तिला लोखंड भट्टीतून कवा काढावं ते कळत नव्हतं. काळं पडलं तरी ठोकत बसायची. आन त्या व्हिडिओवरनं लातूरच्या लोहार मेळाव्याचं आवतान आलं, तर पत्रिकेत नाव कुणाचं? 'पुनम शिवशंकर पांचाळ, महिला लोहार'. मग मी कोण? लगीन झाल्यापासून घण मारून राहिले, मी कोण झाले?

श्रीमंत : तू बी चाललीस की तिच्या जोडीला.

शिवकन्या : घण मारायला! सगळ्या मराठवाड्याच्या म्होरं ती सांडशीत लोखंड धरून बसणार. हातोडीनं टिचकी मारून दाखवणार, इथं मार, तिथं मार. आन मी थोरली जाऊ, धाकटीच्या इशाऱ्यावर घण हाणणार.

श्रीमंत : घरी माझ्या इशाऱ्यावर हाणतीस की.

शिवकन्या : तुमचं येगळं. तुमी नवरा.

श्रीमंत : हळू बोल. आली ती.

पुनम : अक्का, शिवांगीचा ताप उतरंना झालाय. हे म्हणाले गोळी दिली, पण ती फोनवर नुसती रडून राहिली.

शिवकन्या : मग फिरायचं का माघारी? अजून नळेगावच आलंय. लेकरापेक्षा काय मोठं हाय?

पुनम : मी तेच म्हणले ह्यांना. तर म्हणाले, तू जा, पोरीचं मी बघतो. असा मान परत मिळायचा न्हाई.

शिवकन्या : नशीबवान हाईस बाई. लुगडं बी नवं दिसतंय.

पुनम : ह्यांनीच आणलं. मी नको म्हणत होते, ठिणग्यांनी भोकं पडतील. तुमी नेसता का अक्का? खरंच. मला कसलं बी चालतंय.

शिवकन्या : मला कशाला? मला कोण बघणार हाय?

श्रीमंत : चला, बसा गाडीत. ऐरण हलली का काय ते बघतो.

(लातूर. मेळाव्याचा मांडव.)

पुनम : अक्का, आता ह्या म्हाताऱ्या बाबांचं झालं की माझंच नाव हाय. इथं ठोकाठोकीत फोन ऐकूच येत न्हाई. गेटापर्यंत जाऊन शिवांगीची खबर घेते, लगेच येते.

शिवकन्या : जा की.

पुनम : नाव पुकारलं तर मला आवाज द्याल ना?

शिवकन्या : जा म्हणलं की.

श्रीमंत : काय कोयता केला गं त्या निलंग्याच्या बाबानं! ह्या वयात हात जरा बी हलत न्हाई त्याचा.

शिवकन्या : ऐकलं का?

श्रीमंत : काय?

शिवकन्या : माईकवर. तिचं नाव.

श्रीमंत : आरं देवा! थांब, मी पळत जाऊन आणतो तिला.

शिवकन्या : परत पुकारलं बघा. 'नसतील तर पुढच्यांनी यावं' म्हणून राहिले.

श्रीमंत : मग सांग की त्यांना, येऊन राहिली म्हणून! अगं, चाललीस कुठं? ती सांडशी कशाला घेतलीस?

शिवकन्या : तुमी घण उचला.

श्रीमंत : मी?

शिवकन्या : हाव, तुमी. आज सांडशी माझ्याकडं.

श्रीमंत : शिवकन्या, डोकं जागेवर हाय का? ते पुनमला बोलावून राहिले.

शिवकन्या : बोलावू द्या. हाव साहेब, आले, आले. मीच. मीच पुनम पांचाळ. कोणती भट्टी घ्यायची?

श्रीमंत : अगं, लोकं हायत...

शिवकन्या : आता गप. लाल झालं बघा. मी टिचकी मारीन तिथंच मारायचं. हां. तिथं न्हाई, अलीकडं. हलक्यानं. आता जोरात.

श्रीमंत : विळा वाकवताना मी सांगतो, जरा तिरपं धरून...

शिवकन्या : तुमी मारा.

*

श्रीमंत : धर तिकडनं. सावकाश. हां, टेकली ऐरण गाडीत. आता सांग, तू कवा शिकलीस हे?

शिवकन्या : तुमी माल घेऊन बाजाराला जायचात तवा.

श्रीमंत : मला सांगायचं न्हाईस?

शिवकन्या : सांगितलं की. नवी होते तवा म्हणले, एक विळा मला करू द्या. तुमी हसलात. म्हणलात, बाईनं सांडशी धरली तर गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायचं न्हाई.

श्रीमंत : असं म्हणलो मी? मला याद बी न्हाई.

शिवकन्या : मला हाय. मग पुनम आली. तिला तुमच्या पाठीमागं मीच शिकवलं. तिच्या नवऱ्यानं एक दिवस बघितलं, तर त्यानं कौतुकानं मोबाईल काढला. तुमी बघितलं असतं तर काय केलं असतं?

श्रीमंत : दोर आवळून बांध. मी गाडी चालू करतो.

पुनम : भावजी, मी बी मागंच बसते, अक्काजवळ.

शिवकन्या : म्होरं बस, लुगडं खराब होईल.

पुनम : होऊ द्या.

शिवकन्या : पोरगी कशी हाय?

पुनम : ताप उतरला. झोपली.

शिवकन्या : बरं झालं.

पुनम : दोर ढिला हाय, आवळते.

शिवकन्या : दोर राहू दे. बोल काहीतरी. शिव्या दे.

पुनम : तुमी आवाज दिला असता तर पळत आले असते मी.

शिवकन्या : येळ कुठं होता?

पुनम : अक्का.

शिवकन्या : येळ होता. मलाच आवाज द्यायचा नव्हता.

पुनम : देगलूरला आईला सांगून ठेवलं होतं मी. ऐरणीवर बसल्याचा फोटो पाठवते म्हणलं होतं. काय पाठवू आता?

शिवकन्या : ही सत्काराची शाल घे. तुजीच हाय. माईकवर तुजंच नाव घेतलं की त्यांनी. टाळ्या तुज्या नावाच्या. पेपरवाल्यानं बी लिहून घेतलं, पुनम पांचाळ. बाया हात हातात घेऊन म्हणून राहिल्या, पुनमताई, काय हात हाय तुमचा! हात माझा आन नाव तुजं. आयुष्यात पहिल्यांदा दिसले मी लोकांना, आन तू होऊन दिसले. आता हस.

पुनम : मी तिथंच होते.

शिवकन्या : कुठं?

पुनम : मांडवाच्या खांबाजवळ. तुमचं काम निम्म्यावर आलं तवा आले. सगळ्यांसमोर सांगणार होते, ही बाई पुनम न्हाई, पुनम मी हाय. चार मानसं ढकलून म्होरं बी आले होते.

शिवकन्या : मग सांगितलं का न्हाईस?

पुनम : तुमी विळा वाकवलात. एका तावात. परत भट्टीत घातला बी न्हाई. मला परत परत तापवावा लागतो, तरी विळ्याच्या पाठीला कोपरा राहतोच. अक्का, तुमी मला सगळं शिकवलंत, हे कधी दाखवलं न्हाईत.

शिवकन्या : तेवढं ठेवलं होतं. सगळंच दिलं असतं तर माझ्याकडं काय राहिलं असतं?

पुनम : आधी राग आला होता. लई. पर मग तो विळा बघितला. वाटलं, असा हात माझा का न्हाई? लोकं माझ्या नावानं टाळ्या वाजवून राहिली, आन मी तिथं उभी राहून तुमच्यावर जळून राहिले.

शिवकन्या : माझ्यावर?

पुनम : हाव.

शिवकन्या : लई?

पुनम : लई.

शिवकन्या : सरक अशी माझ्याकडं. तिकडं वारं लागतंय तुला.